लक्ष्मी आणि दोर ओढणारे

लक्ष्मी समुद्रातून निघाली, असं पुराण सांगतं. आपण गोदीत समुद्रातूनच आलेला माल उतरवतो, म्हणून ही गोष्ट आपल्या धंद्यातली. मंदराची रवी, वासुकीचा दोर. देव शेपटीकडं, असुर तोंडाकडं. म्हणजे विषाचे फूत्कार कुणाच्या थोबाडावर? घाम दोन्ही टोळ्यांनी गाळला. लक्ष्मी वर आली ती थेट विष्णूच्या गळ्यात माळ घालून मोकळी. अमृताच्या वेळी तर मोहिनी नाचवून असुरांना सरळ फसवलं. दोस्तांनो, मस्टरवरची ही सगळ्यात जुनी लबाडी. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त मत्स्य-कच्छ अवतारांची सालं काढली. या दोराची आपण काढू.

पण लक्ष्मी तरी एकच कुठाय? एक कॅलेंडरवरची. कमळात बसलेली, हातातून नाणी गळतायत, हत्ती अंघोळ घालतायत. दुसरी कडकलक्ष्मी. पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, पदरात पसाभर पीठ. नाव तेच. एकीला तिजोरी, दुसरीला रस्ता. आणि तिसरी केरसुणी. लक्ष्मीपूजनाला नवी आणून तिला हळदकुंकू वाहतात. शिंदीच्या पात्यांची ही केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंगांनी बांधली. ती देव्हाऱ्यापुढं गेली, बांधणारा उंबऱ्याबाहेर.

माझी आय निडीची. पेणहून रोह्याला जाताना नागोठण्यानंतर लागतं ते. जन्मभर तिनं दुसऱ्याच्या खाचरात भात लावला. खळ्यावर रास पडली की मालक म्हणायचा, लक्ष्मी आली. चिखलानं कुजलेली आयची बोटं कुणाला दिसली नाहीत. त्याच मालकाला मुलगी झाली तेव्हाही लक्ष्मीच आली होती. सातबाऱ्यावर मात नाव फक्त पोरांची. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा देशभर मिळायला २००५ उजाडलं. तोही भाऊबीजेच्या ताटात हक्कसोडपत्र ठेवून परत काढून घेतात. साडीचोळीवर लक्ष्मी खूश!

आमच्या बौद्धवाडीत लक्ष्मीपूजन नाही. तरी केरसुणीला पाय लागला की आयचा हात कपाळाकडं जातो. मी गेल्या खेपेला चिडलो. म्हटलं, आये, अजून देवी सुटत नाय तुझ्यानं?

ती म्हणाली, “देवी कसली रे! माझ्यावानी झिजलीय ती, म्हणून.”