टँकरवरील फलक कोणासाठी?

कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील राजुरी हे जुन्नर तालुक्यातील दुधाचे व शेतीचे गाव. जवळच आळेफाट्याला हा मार्ग पुणे–नाशिक महामार्गास छेदतो. या रस्त्यावर इंधनाचा वा रसायनाचा एखादा टँकर उलटला, किंवा कोणी घातपाताने फोडला, तर प्रथम धावून जाणार कोण? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातच, सुदुंबरे येथे आहे. विषारी वायूशी सामना करण्याची साधने व शिक्षण तिच्यापाशी आहे. परंतु तिला येथवर पोचावयास निदान तास-दीड तास हवा. तोवर तेथे असतील ते पोलीस पाटील, एखादा शिपाई, रुग्णवाहिकेचा चालक आणि गावातील तरुण.

अज्ञानात धावून जाण्याची किंमत महाराष्ट्राने पूर्वीच मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गासड्यांबरोबर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. आग विझविताना स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसराही. ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी कामी आले. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत अतिरेक्यांनी सरीन वायू सोडला, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतील वाफेने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाही बाधा झाली. भोपाळला १९८४ मध्ये घातक वायूविषयी डॉक्टरांनाच पुरेशी माहिती नव्हती. धैर्य कोठेच कमी पडले नाही; कमी पडली ती माहिती.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये अशा टँकरवर रसायनाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रसंघाचा क्रमांक व आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक दर्शविणारा फलक बंधनकारक आहे. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. हा फलक घातपात्यालाही माहिती पुरवितो, असा आक्षेप घेतला जातो. २००१ नंतर अमेरिकेत रेल्वेच्या टाक्यांवरील फलक काढण्याचा विचार झाला, तो याच कारणाने. तेथील अग्निशामकांनी विरोध केला आणि फलक राहिले. तोच निर्णय योग्य होता. घातपात्यास माहिती मिळविण्याचे अन्य मार्ग असतात. मदतीस धावणाऱ्यास त्या क्षणी फलकाखेरीज दुसरा मार्ग नसतो.

मात्र वाचता न येणारा फलक हा निव्वळ रंग होय. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच रासायनिक दहशतवादाविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. ती गावच्या चावडीपर्यंत पोचली पाहिजेत. प्रत्येक गावाला विषरोधक पोशाख देणे कोणत्याही अर्थसंकल्पास परवडणारे नाही, आणि शिक्षणावाचून तो पोशाख घातकच ठरेल. त्याउलट, वाऱ्याच्या उगमाच्या बाजूने जावे, दुरूनच क्रमांक वाचून ११२ वर कळवावा, गर्दी मागे हटवावी, बाधितांचे कपडे उतरवून त्यांना पाण्याने धुवावे आणि दुसऱ्या स्फोटाची शक्यता गृहीत धरावी, एवढे शिकविण्यास एक दिवस पुरतो. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. महामार्गालगतच्या गावांत हे शिक्षण त्या सप्ताहात का देऊ नये?

अपघात की घातपात, हे तपासाअंती ठरेल. पहिल्या घटकेला दोहोंत फरक करता येत नाही आणि करण्याचे कारणही नाही. ती घटका ज्यांच्या वाट्याला येणार, त्यांना कोरे ठेवून केलेली सिद्धता कागदावरच राहील.