आवाज बाबूजींचा, आठवण आईची



घरातील वृद्ध माणसाला आपण दिवसातून किती प्रश्न विचारतो, ते एकदा मोजून पाहावे. गोळी घेतली का? पोट साफ झाले का? चष्मा कुठे ठेवला? हे सारे प्रश्न आवश्यक आहेत. पण ते देहाचे आहेत. 'लहानपणी तुम्हांला कोणाचे गाणे आवडे?' हा प्रश्न मात्र अनेक घरांत वर्षानुवर्षे कोणी विचारलेलाच नसतो. या पंधरवड्यात त्या एका प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे. एरवी या स्तंभात घरच्या गोष्टी सांगण्याचे मी टाळते. आज त्यांच्यावाचून विषय पुरा होणार नाही.

माझ्या आईचे माहेर शिरूरचे. जुनी माणसे त्या गावाला अजूनही घोडनदीच म्हणतात. सासर दौंडचे; वडील रेल्वेत होते. आई आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. तीन वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. दौंडच्या घरी भाऊ आणि वहिनी तिची देखभाल करतात. खरे सांगायचे तर बहुतेक सारे वहिनीच करतात. नातवंडांची नावे आईच्या जिभेवरून निसटू लागली आहेत आणि सकाळची अंघोळ म्हणजे रोजचा झगडा झाला आहे.

गेल्या वर्षी वहिनींनी सहज म्हणून अंघोळीआधी मोबाइलवर 'गीतरामायण' लावले. सुधीर फडके यांचा आवाज सुरू झाला आणि आईची बोटे मांडीवर ठेका धरू लागली. त्या दिवशी अंघोळ विनातक्रार झाली. दुसऱ्या दिवशी झाली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा झाली. गाणे म्हणजे जादूची कांडी नव्हे, हे येथेच सांगून ठेवते.

आजच्या तरुण वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आकाशवाणीचे पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, या केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि सुधीर फडके यांनी संगीत दिलेल्या 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रसारित झाले. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवे गीत येई. शनिवारी आणि रविवारी सकाळी तेच पुन्हा ऐकवले जाई. पुढच्या रामनवमीपर्यंत अशी 56 गीते झाली. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजाऱ्याच्या ओटीवर बसून ऐकत. कित्येक घरांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून श्रवण होई.

आई तेव्हा नऊ वर्षांची होती. शेजारच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो लावल्यावर तापायला थोडा वेळ लागे, म्हणून शेजारच्या काकू साडेआठलाच बटण फिरवून ठेवत. शनिवारी आईची शाळा सकाळची, त्यामुळे तिच्या वाट्याला शुक्रवार आणि रविवारच येत. हे सारे आईने वहिनींना तुकड्यातुकड्यांनी सांगितले. माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात मी ते कधी ऐकले नव्हते. कारण मी कधी विचारले नव्हते.

एके दिवशी सीतेच्या तोंडचे एक गीत चालू असताना आई एकाएकी चिडली. "हे गाणं बाईंचं आहे. हे बाबूजींनी कशाला म्हटलंय?" वहिनींनी समजूत घातली, "आई, हे सगळं बाबूजींनीच गायलंय." आई गप्प झाली, पण तिच्या चेहऱ्यावरची नाराजी गेली नाही. वहिनींनी मला फोनवर सांगितले, तेव्हा मीही म्हणाले, "आजारामुळे गोंधळ होतोय तिचा."

गोंधळ आमचा होता. मूळ प्रसारणात वेगवेगळे गायक होते. रामाची गीते फडके गात. सीतेच्या गीतांसाठी माणिक वर्मा यांचा आवाज होता. लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके यांच्यासारखे अनेक कलावंत त्यात गायिले. पुढे घरोघरी पोहोचलेल्या ध्वनिमुद्रिका मात्र फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील होत्या. आमच्या पिढीने त्याच ऐकल्या. आईच्या कानांत 1955 चा शुक्रवार होता आणि तो अचूक होता.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची प्रत्येक गोष्ट चुकीची असणार, असे आपण नकळत धरून चालतो. हा मोठा अन्याय आहे. या विकारात बहुधा अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात. त्यातही दहा ते तीस या वयात मनावर उमटलेले ठसे अधिक ठळक असतात. गाण्याची स्मृती मेंदूच्या एकाच कप्प्यात नसते. ऐकणे, ताल, भाषा, भावना अशा अनेक वाटांनी ती गुंफलेली असते. म्हणून एक वाट बुजली तरी दुसरीवरून ती पुष्कळदा येऊ शकते.

याच्या पुढची गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. वहिनींची संमती घेऊन सांगते.

दशरथाच्या अखेरच्या क्षणांचे गीत लागले होते. आई रडू लागली. वहिनी घाबरून मोबाइल बंद करायला गेल्या, तर आईने त्यांचा हात धरला. म्हणाली, "भिंतीला कान लावून ऐकलं होतं. सुतक होतं ना. बाळ गेला होता." कोण बाळ, हे वहिनींना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मी शिरूरला मामांना फोन केला. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "तिनं सांगितलं? आमचा धाकटा भाऊ. चार वर्षांचा होता. त्या पावसाळ्यात तापानं गेला. आईनं नंतर त्याचं नाव घरात कोणाला काढू दिलं नाही."

सत्तर वर्षे एक मूल आमच्या कुटुंबाच्या बोलण्यातून नाहीसे झाले होते. ते एका गाण्याच्या मागे उभे होते.

पुढच्या रविवारी मामा आले. न्हावरे, चौफुला असा एसटीचा प्रवास त्यांना आता झेपत नाही, म्हणून भाऊ गाडी घेऊन गेला. आईने त्यांना ओळखले की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण दोघे शेजारी बसले आणि त्यांनी गाणी ऐकली. रेडिओ ओटीवर होता की माजघरात, यावरून दोघांचे थोडे भांडणही झाले. आम्ही कोणी निवाडा केला नाही. मामांनी धाकट्या भावाचे नाव घेतले, तेव्हा आई म्हणाली, "हो, त्याला पोहे आवडायचे." त्या दिवशी आमच्या वहीत पहिली नोंद झाली.

आता वडिलांविषयी. त्यांना कोणाचे गाणे आवडे, हे मला त्यांच्या मृत्यूनंतर कळले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सुलोचना चव्हाण यांच्या लावण्यांच्या कॅसेट निघाल्या, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या. आमच्या आजीच्या सोवळ्या घरात लावणी लागणे शक्यच नव्हते. लावणीची कला केंद्रे असलेले चौफुला आमच्याच तालुक्यात. पण घरात त्या कलेचा उच्चारही नसे. डोक्यावर पदर घेऊन अदबीने गाणाऱ्या सुलोचनाबाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वडील हयात नव्हते. त्या कॅसेट त्यांनी कुठे ऐकल्या, कोणाबरोबर ऐकल्या, आता सांगणारे कोणी नाही. शेवटची दोन वर्षे ते अंथरुणावर होते. त्यांच्या उशाशी बसून आम्ही त्यांना भजने ऐकवली. कारण म्हाताऱ्या माणसाला भजनच आवडणार, असे आम्ही परस्पर ठरवले होते.

म्हणून विनंती आहे की विचारा, आणि वेळेवर विचारा. विचारताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आधी कान पाहावेत. कानात मळ साठलेला असेल किंवा श्रवणयंत्राचा सेल संपलेला असेल, तर उत्तम गाणेही केवळ गोंगाट ठरते. दूरदर्शन संच बंद करावा, आवाज बेताचा ठेवावा आणि एका वेळी एकच गाणे लावावे. पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. दिवसभर मागे चालू राहिलेले गाणे थकवते.

गाणी निवडताना साधा हिशेब करावा. आज पंचाहत्तर वर्षांचे असलेल्या माणसाचे दहा ते तीस हे वय साधारण 1960 ते 1980 या काळात येते. तेथून शोध सुरू करावा. शक्य तर त्यांनी त्या वेळी ऐकलेले मूळ ध्वनिमुद्रणच मिळवावे. नव्या गायकाने गायिलेले, नव्या वाद्यमेळाचे गाणे त्यांना परके वाटू शकते.

परीक्षा घेऊ नये. 'ओळखा पाहू, कोण गातंय?' या प्रश्नाने विसरलेल्या माणसाला लाज वाटते. त्याऐवजी 'हे गाणं लागायचं तेव्हा शेजारी कोण बसायचं?', 'स्वयंपाकघरात काय शिजत असायचं?', 'रेडिओला हात लावला तर कोण रागवायचं?' असे विचारावे. उत्तर आले नाही तरी शेजारी बसून राहावे. तपशील चुकला तर दुरुस्त करू नये. आणि तो चुकलाच आहे असे धरूही नये.

डोळ्यांत पाणी आले म्हणून लगेच घाबरू नये. हात हातात घ्यावा, थोडे थांबावे. रडून मन हलके होत असेल तर होऊ द्यावे. पण अस्वस्थता वाढत गेली, श्वास जोरात होऊ लागला किंवा माणूस उठून जाऊ पाहू लागला, तर गाणे बंद करावे, विषय बदलावा आणि ते गाणे पुन्हा लावू नये. जुने दुःख दिवसेंदिवस सतावत राहिले, तर डॉक्टरांशी बोलावे.

गाण्याकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. ते गेलेली स्मृती परत आणत नाही, आजाराची चाल थांबवत नाही. उदासी काही अंशी कमी होण्यास संगीताचा उपयोग होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. तेवढेच पदरात घ्यावे. औषधे ठरल्याप्रमाणेच चालू ठेवावीत. आणि एक महत्त्वाचे: एक-दोन दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला, माणूस सुस्त झाला किंवा बरळू लागला, तर तो नेहमीचा विसरभोळेपणा समजू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, नव्या औषधाचा परिणाम अशी कारणे असू शकतात. तेव्हा गाणे लावत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी, एक साधी वही करावी. एका पानावर एक गाणे लिहावे. गायक कोण, कुठे ऐकले, कोणाबरोबर ऐकले, आणि त्या निमित्ताने काय बोलणे झाले, तेही तारखेसह टिपावे. संमती असेल तर मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवावा. ही वही रात्री सोबतीला येणाऱ्या मावशींच्याही हाताशी असावी. म्हणजे घरचे कोणी जवळ नसतानाही त्या माणसाशी काय बोलावे, हे त्यांना कळेल.

आमच्या वहीत आजपर्यंत एकोणीस पाने भरली आहेत. अठरा आईची आहेत. एकोणिसावे वहिनींचे आहे. त्या रोज सकाळी आईसाठी गाणे लावत आल्या, आणि त्यांना स्वतःला लहानपणी कोणाचे गाणे आवडे, हे आम्ही कोणी विचारले नव्हते. गेल्या महिन्यात मी विचारले. त्या आधी संकोचल्या, मग बराच वेळ बोलत राहिल्या. काय म्हणाल्या, ते त्यांच्या पानावर लिहून ठेवले आहे.

आपल्या घरातील वहीचे पहिले पान कोणाचे असेल, ते येत्या रविवारी ठरवावे.