पहिली तक्रार ऐकणार कोण?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळावर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘विशाखा’ निकाल दिला. त्या पीठावर तिघं होते. त्यांतल्या एक सुजाता मनोहर, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. पुढे २०१३ चा कायदा आला. इंदापूरच्या फडात ऊस तोडणाऱ्या बाईलाही तो लागू आहे बरं का! मुकादमाची तक्रार तिनं तालुक्यातल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची, त्यानं सात दिवसांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पाठवायची. समितीची अध्यक्ष बाईच हवी, असं कायदा म्हणतो. नोडल अधिकाऱ्याबाबत मात्र गप्प. आणि जीभ अडखळते ती तर तिथंच, पहिल्यांदा सांगताना. तिथं बाई नेमा, आणि तिचा फोन नंबर कोयत्यांच्या खोपींपर्यंत पोचवा.