वाढत्या अंगाचे बूट

दोस्तांनो, आज आधी एक घरातलीच गोष्ट सांगते.

माझी भाची आठवीत आहे. परवापरवापर्यंत हिच्या हातातली रॅकेट सुटत नव्हती. जेवायला बसली तरी रॅकेट शेजारी भिंतीला टेकवलेली! आणि गेल्या महिन्यात ही मुलगी मला म्हणते कशी, "आत्या, मी टेनिस सोडतेय. मला नाही आवडत आता."

मी काही बोलले नाही. म्हटलं, असेल काहीतरी रुसवा. पण संध्याकाळी ती पाय धुऊन आली तेव्हा माझं लक्ष गेलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झालेली. टाचांमागे फोड आलेले, त्यातला एक फुटलेला.

"हे काय गं?"

"काही नाही. बूट जरा मोठे आहेत."

"मग घरात सांगितलं का नाहीस?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "बाबांनी एवढे महागाचे आणले. सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

आता कळलं ना? नकोसं झालं होतं ते टेनिस नव्हे, बूट! आणि ते बूट कसे होते? वाढत्या अंगाचे!

हा शब्द तुमच्याही घरात नक्की ऐकलेला असेल. शाळेचा गणवेश घेताना आई म्हणते, "जरा वाढत्या अंगाचाच द्या हो." गणवेशाचं ठीक आहे. बाही दुमडता येते, स्कर्टची शिलाई उसवून खाली सोडता येते. पण बूट कुठे दुमडणार?

आमच्या दादाने, म्हणजे तिच्या बाबांनी, दोन नंबर मोठे बूट घेतले होते. दोन नंबर म्हणजे किती, ठाऊक आहे? आपल्याकडे बहुतेक बुटांवर इंग्लंडच्या पद्धतीचे नंबर असतात. तिथे पूर्वी लांबी मोजायला जवाचा दाणा वापरायचे! तीन दाणे एकापुढे एक ठेवले की एक इंच. बुटाचा एक नंबर वाढला, की लांबी एका दाण्याने वाढते. एक दाणा म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे दोन नंबरांत सतरा मिलिमीटर जादा जागा! धावता धावता ती झटकन थांबली, की पाय त्या जागेत पुढे घसरायचा आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटायचा. एकदा नाही, दर सामन्यात शेकडो वेळा. नखाखाली रक्त साकळेल नाही तर काय! मागे टाच वरखाली घासायची, तिथे फोड.

मऊ म्हणजे चांगला?

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. एकच पांढरा कॅनव्हासचा बूट. त्याच बुटावर पीटी, त्याच बुटावर लंगडी, त्याच बुटावर टेनिस. शुक्रवारी रात्री तो धुवायचा, खडू फासून पांढरा करायचा, की शनिवारच्या सकाळच्या शाळेला तयार! तळ इतका पातळ की खडा टोचला तर त्याचा आकार सांगता यायचा.

आता दुकानात भिंतभर बूट असतात. त्यातला कोणता घ्यायचा? बहुतेक जण बूट पायात घालतात, जागच्या जागी दोन उड्या मारतात आणि म्हणतात, "वा! किती मऊ!" झाली खरेदी.

थांबा. एक प्रयोग करा. घरातल्या जाड गादीवर उभे राहा आणि लंगडी घाला. (आईला विचारून बरं का, आणि पलंगावर नाही, खाली जमिनीवर गादी घालून!) पाय डुगडुगतो की नाही? आता तीच लंगडी फरशीवर घाला. गादी मऊ आहे, पण तिचा आधार नाही. बुटाचंही असंच असतं. आराम ही एक गोष्ट आणि आधार ही दुसरी. आराम म्हणजे बूट कुठे चावत नाही, टोचत नाही. आधार म्हणजे पाय बुटात आणि बूट जमिनीवर घट्ट राहतो. टेनिसच्या बुटाला दोन्ही विषयांत पास व्हावं लागतं.

पळायचे बूट टेनिसला का चालत नाहीत, तेही इथेच कळेल. पळणारा सरळ पुढे जातो. म्हणून त्याचा बूट हलका, आणि बहुधा टाचेखाली उंच आणि मऊ. टेनिसचं एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद असतं. चेंडूमागे सारखं डावी-उजवीकडे धावायचं, गच्च थांबायचं, उलट वळायचं. खो-खोसारखंच म्हणा ना! अशा वेळी उंच, मऊ टाच एका बाजूला कलली की घोटा मुरगळलाच समजा. म्हणून टेनिसचा बूट जमिनीलगत, तळाला रुंद आणि दोन्ही बाजूंनी भक्कम असतो. सर्व्हिस करताना पायाचं टोक जमिनीवर घासतं, म्हणून पुढे जाड रबराची पट्टी असते. त्यामुळे हा बूट थोडा जड लागतो. तो दोष नाही.

दुकानात जाण्याआधी

भाचीला घेऊन मी दुकानात गेले, पण आधी घरी थोडा अभ्यास केला. तुम्हीही करा.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो, आणि खेळतानाही फुगतो. सकाळी बेताचा बसलेला बूट संध्याकाळी चावतो.

खेळताना घालता तेच मोजे बरोबर न्या.

कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा आणि कुणाकडून तरी पावलांभोवती पेन्सिल फिरवून घ्या. बसून नाही, उभ्यानेच. उभं राहिलं की पाऊल पसरतं. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्याहून थोडा मोठा निघतो. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा.

ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून पावलाची कमान बघायला गंमत वाटते. जरूर बघा. पण नुसत्या ठशावरून बूट ठरवू नका.

बुटाची परीक्षा

दुकानात बूट पायात घालण्याआधी त्याची तोंडी परीक्षा घ्या!

पहिला प्रश्न: टाच आणि टोक धरून बूट वाकवा. तो चवड्याशी वाकायला हवा, कारण आपलं पाऊल तिथेच वाकतं. मधोमध दुमडला तर नापास.

दुसरा प्रश्न: ओलं फडकं पिळतो तसा बूट पिळून बघा. थोडा पिळला तर चालेल. फडक्यासारखा पिळला गेला तर तो पायाला काय सांभाळणार?

तिसरा प्रश्न: टाचेमागची वाटी दोन बोटांनी दाबा. ती पटकन आत दबायला नको.

चौथा प्रश्न: बूट टेबलावर ठेवून मागून बघा. सरळ उभा आहे ना? नवा बूटच कललेला असेल तर ठेवा परत.

पाचवा प्रश्न: आतला सुकतळा निघत असेल तर काढा आणि त्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर जात असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे.

आता बूट पायात घाला. दोन्ही घाला आणि नाड्या पूर्ण बांधा. उभे राहा. सगळ्यांत लांब बोट आणि बुटाचं टोक यांच्यामध्ये हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. वाढत्या पायासाठी एवढी पुरे. आतली बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवता आली पाहिजेत. चवड्यावर उभे राहा, टाच बाहेर यायला नको. मग चार पावलं डावीकडे, झटकन थांबा, चार पावलं उजवीकडे. पाय तळाच्या कडेवरून बाहेर ओघळतो का? शेवटी दोन्ही पायांवर लंगडी. लाजायचं नाही! लोक हसले तर हसू देत, बूट तुम्हाला घालायचाय.

आणि एक वाक्य दुकानात हमखास ऐकू येईल: "दोन दिवस घाला, सैल होतील." विश्वास ठेवू नका. वरचं कापड थोडंफार सैलावेल, पण लांबी वाढत नाही. चांगला बूट पहिल्या दिवशीच चावत नाही.

मुलींचे बूट तिकडे!

आम्ही दुकानात शिरलो तसा विक्रेता म्हणाला, "मॅडम, लेडीज सेक्शन तिकडे." तिकडे गुलाबी, जांभळे, चमचमणारे बूट. भाचीने सात जोड घातले. एक सुंदर होता, पण पिळला तर फडकं. दुसरा भक्कम, पण करंगळीला चावला.

बूट ज्या साच्यावर बनतो त्याला कलबूत म्हणतात. पूर्वी पुष्कळदा बायकांचे खेळाचे बूट म्हणजे पुरुषांचंच कलबूत लहान करून बनवलेले असायचे. पण बाईचं पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची छोटी प्रत नव्हे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं, की दोघांच्या पावलांचा आकारच काही बाबतींत वेगळा असतो. पुष्कळ बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. म्हणून बायकांसाठी वेगळा बूट असणं चांगलंच, पण तो खरोखर वेगळ्या कलबुतावरचा हवा. नुसता रंग बदलून काय उपयोग?

आणि दोन मुलींचे पाय तरी कुठे सारखे असतात? आमच्या भाचीचा चवडा रुंद. शेवटी आम्ही मुलांच्या फळीवरून एक साधा पांढरा-निळा जोड काढला. पाचही प्रश्नांत पास! बोटांना जागा मिळाली. फक्त टाच किंचित सैल होती. त्यावर एक युक्ती आहे. नाडीचं टोक त्याच बाजूच्या सर्वांत वरच्या भोकात घालून दोन्हीकडे छोटे फास करायचे, मग उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून ओवायची आणि ओढून बांधायचं. टाच जागच्या जागी बसते.

"पण हे मुलांचे आहेत," ती कुरकुरली.

मी म्हटलं, "तुझ्या पायाला विचार."

ती दुकानभर लंगडी घालून आली आणि हसली. गंमत म्हणजे हा जोड आधीच्यापेक्षा स्वस्त होता.

जाता जाता तळाकडेही बघा. सिमेंट-डांबरासारख्या हार्ड कोर्टवर तळ भराभर झिजतो, तिथे जाड, टिकाऊ रबर हवं. मातीच्या कोर्टवर नागमोडी रेघांचा तळ चांगला. तो पकडही देतो आणि रेघांमध्ये माती अडकून राहत नाही. विम्बल्डनच्या हिरवळीवर तर बारीक बारीक पुटकुळ्यांचा तळ असतो. तुम्ही रोज कुठे खेळता, त्यावर ठरवा.

पालकहो, थोडं तुमच्यासाठी

दादाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण पुढच्या वर्षी लहान होतील ना!"

होतील. तेव्हा पुन्हा मोजू. दर तीन-चार महिन्यांनी बुटाचं टोक दाबून अंगठ्याएवढी जागा उरली आहे का, एवढंच बघायचं. वरून बूट नवा दिसत असला तरी तळावरची नक्षी पुसली गेली किंवा एका बाजूने झिजली, तर त्याची नोकरी संपली.

मुलांच्या टाचेत दुखतंय, खेळल्यावर लंगडतायत, असं दिसलं तर "वाढीचं दुखणं असेल" म्हणून सोडून देऊ नका. वाढत्या वयात टाचेचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, खेळाचा ताण तिथे येतो. थोडी विश्रांती द्या, थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. बूट कितीही चांगला असला तरी तो औषध नाही.

आणि दोस्तांनो, तुम्हाला एकच सांगणं. बूट कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं. आई-बाबांना ते दिसत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांना कळणार कसं? पैसे गेल्याचं वाईट त्यांना वाटेल, पण तुम्ही गुपचूप सोसलंत आणि आवडता खेळ सोडलात, तर त्याहून कितीतरी जास्त वाटेल. दादाला काळी नखं दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "वेडी आहेस का गं? सांगायचं ना!"

ते मोठे बूट त्याने कपाटात जपून ठेवलेत. म्हणतो, "वाया नाही जाणार, पाय येईलच त्या मापाला!"

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. आता कुणाचाही सामना टीव्हीवर लागला, तर एक गेमभर चेंडूकडे बघूच नका, फक्त पायांकडे बघा. पाय किती वेळा थांबतात, वळतात, घासतात ते मोजा. बुटाला किती काम असतं ते कळेल.

आणि आमची भाची? नव्या बुटांतला पहिलाच सामना हरली! पण घरी आली ती बूट न काढताच माझ्यासमोर उभी राहिली आणि हात हलवत सांगत सुटली, "आत्या, तो शेवटचा बॅकहँड ना, जरा आधी वळले असते ना..."

तिची बडबड थांबेचना. मीही थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर आपापले बूट वाकवून, पिळून बघा, आणि कोण पास, कोण नापास, ते मला कळवा!