आरंभशूरांची व्यथा

माणसाच्या चंचलपणाला दूषणे देण्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके त्या चंचलपणाचे दुःख सांगण्यासाठी नाहीत. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, उतावळा, उडाणटप्पू, आरंभशूर. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण हाताशी आहेच. जालना जिल्ह्याला तर या बाबतीत मोठाच वारसा लाभला आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूर्खाची लक्षणे एकामागून एक मोजून दाखवली आणि ठायी ठायी यत्नाचा महिमा सांगितला. रामदासांचा प्रयत्नवाद मराठी मनाला उपकारक ठरला याविषयी वाद नाही. पण त्याच शिकवणुकीची एक बोथट, घरगुती आवृत्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: ज्याच्या हातून काम तडीस जात नाही, त्याची इच्छाच कमी पडते. (बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानी पडताच जो मुलगा पळाला अशी आख्यायिका आहे, त्याच्याच नावाने हा उपदेश व्हावा, हा एक योगायोग.)

इच्छा असूनही काम तडीस नेता न येणे ही काही माणसांच्या मेंदूच्या घडणीशी निगडित अशी वस्तुस्थिती आहे, हे वैद्यकशास्त्र आता निःसंदिग्धपणे सांगते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एडीएचडी म्हणतात; मराठीत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता म्हणता येईल. ती बहुतांशी आनुवंशिक असते, लहानपणी सुरू होते आणि अनेकांच्या बाबतीत प्रौढपणीही टिकून राहते. वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांवरून प्रौढांमधील तिचे प्रमाण सुमारे अडीच टक्के मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. त्यांतले निम्मेच प्रौढ धरले तरी या ढोबळ हिशेबाने चोवीस हजार माणसे होतात. त्यांतील किती जणांना आपल्या अवस्थेचे नाव ठाऊक असेल? बोटांवर मोजण्याइतक्यांना असेल, असे म्हणण्याचेही धाडस होत नाही.

परंतु या लेखाचा विषय अवधान नव्हे. अवधानाच्या मागे जे भावनांचे ओझे साचत जाते, तो आहे. या प्रश्नाचा इतिहासच मुळी निवाड्याने सुरू होतो. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा त्याने या स्थितीला नैतिक संयमाचा दोष म्हटले. पुढे १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने 'अवधान' हा शब्द नावातच घातला. त्यामुळे नैतिक निवाडा शास्त्रातून हद्दपार झाला, हे चांगलेच झाले. पण त्याच वेळी राग, हळवेपणा, मनाचे झोके या गोष्टी व्याख्येच्या गाभ्याबाहेर 'आनुषंगिक' म्हणून ढकलल्या गेल्या. पॉल वेंडर यांच्यासारख्या काही डॉक्टरांनी प्रौढांच्या वर्णनात त्यांना जागा ठेवली होती. ज्यांना हे जीवन जगावे लागते त्यांना विचाराल, तर विसरलेल्या किल्ल्यांपेक्षा त्या भावनांविषयीच ते अधिक बोलतात.

त्या भावना कोणत्या? राग येतो तो एकदम आणि ओसरतोही एकदम. बोलून गेलेला शब्द आणि त्याबद्दलचा पश्चात्ताप यांच्यामध्ये पाच मिनिटांचेही अंतर नसते. घरच्यांना राग लक्षात राहतो. पश्चात्ताप त्यांना दिसतच नाही. कोणी सहज केलेली थट्टा, बैठकीत न मिळालेले उत्तर, मित्राच्या आवाजातला किंचित बदललेला सूर, एवढ्याने अशा माणसाची रात्र जाते. याच्या उलट, एखाद्या कामात मन बसले की तहानभूक हरपते. आणि तेच काम आठ दिवसांनी डोळ्यांसमोर नकोसे होते. मग आसपासचे म्हणतात, 'मनात आणले तर करतो की!' याहून जीवघेणे वाक्य नाही, कारण तो स्वतःही तेच म्हणत आलेला असतो.

आळस आणि ही अवस्था यांतला फरक समजून घेतला पाहिजे. आळशी माणूस निवांत असतो. हा माणूस निवांत नसतो. काम समोर आहे, त्याची निकड कळते, न केल्यास काय होईल हेही कळते, आणि तरीही हात उचलत नाही. दिवसभर न केलेल्या कामाने तो केलेल्या कामाइतकाच थकतो. शाळेत गुरुजींनी, घरी वडिलांनी, नोकरीत मुकादमाने जे सांगितले ते चाळिशीपर्यंत त्याला इतके पाठ होते की आता बाहेरच्या फिर्यादीची गरजच उरत नाही. नैराश्य, व्यसनाधीनता आणि आत्महत्येचे विचार अशा व्यक्तींत इतरांपेक्षा अधिक आढळतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे दुःख दुहेरी झाकलेले. मुलगा वर्गात बाकांवर उड्या मारतो म्हणून निदान शिक्षकांच्या डोळ्यांत तरी येतो. मुलगी पुष्कळदा खिडकीबाहेर पाहत गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलीत दोष शोधण्याची आपली रीत नाही. पुढे तीच सासरी दूध उतू घालवते, शाळेच्या फीची तारीख विसरते, पाहुण्यांसमोर नको ते बोलून जाते. 'हिचे लक्ष कुठे असते' हा प्रश्न तिला रोज विचारला जातो. उत्तर ऐकण्यासाठी मात्र तो कोणी विचारत नाही.

येथेच वर्गाचा प्रश्न उभा राहतो, आणि समाजवाद्यांनी या विषयात लक्ष घालण्याचे कारणही तेच आहे. विसराळू व्यापाऱ्याला मुनीम असतो, विसराळू मंत्र्याला स्वीय सहायक असतो, विसराळू प्राध्यापकाचे तर कौतुकच होते. विसराळू मजुराची रोजी कापली जाते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या कारखान्यांत तापलेल्या लोखंडासमोर एका क्षणाची चूक किती महाग पडते, हे तेथील कामगाराला सांगावे लागत नाही. बियाण्यांच्या प्लॉटवर कपाशीचे क्रॉसिंग करणाऱ्या मजूर बायांनी संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पराग लावायचा, असे ते हजारो फुलांचे एकसुरी काम. देशभर विकल्या जाणाऱ्या संकरित बियाण्याच्या पाकिटात त्यांचे अवधान भरलेले असते. त्याची वेगळी मजुरी कोणी मोजत नाही.

आणि आता शासनाने गरिबाकडून अवधानाचा एक नवाच कर वसूल करायला सुरुवात केली आहे. पीक विम्याची मुदत, २०२१ पासून आलेली मोबाइलवरची ई-पीक पाहणी, पीएम किसानचे ई-केवायसी, रेशनकार्डाचे ई-केवायसी, कर्जाच्या नूतनीकरणाची तारीख, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक: प्रत्येक हक्कापुढे एक तारीख, एक अंगठा आणि एक सांकेतिक क्रमांक. हक्क कागदावर सर्वांचा असतो. मिळतो तो ज्याला तारखा सांभाळता येतात त्याला. ज्याच्या मेंदूला तारखा सांभाळणे मुळातच अवघड, त्याचा दोष कुठेही नोंदला जात नाही. यादीत फक्त 'अपात्र' असा शेरा पडतो, आणि घरात त्या शेऱ्याचा अर्थ 'बेजबाबदार' असा लावला जातो. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे १९७७ च्या कायद्यात रोजगार हमीचे तत्त्व आपण मान्य करून घेतले, तेव्हा कामावर येणारा माणूस स्वभावाने कसा आहे हे विचारले नव्हते. मागेल त्याला काम, एवढेच म्हटले होते. ते शहाणपण आजच्या योजनांच्या रचनेत उरलेले नाही.

आपल्याच काही साथींचे आक्षेप मला ठाऊक आहेत. हे शहरी सुखवस्तूंचे नवे खूळ आहे, औषध कंपन्यांनी वाढवलेला बाजार आहे, असे ते म्हणतात. अमेरिकेत या औषधांचा बाजार फोफावला हे खरे आहे. निदानाच्या हाती सत्ता असते, हेही खरे आहे. सोव्हिएत राजवटीने विरोधकांना स्किझोफ्रेनियाचे रुग्ण ठरवून कोंडून ठेवले होते, हे लोकशाही समाजवाद्यांनी विसरता कामा नये. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बाबतीत तर ही सावधगिरी अधिकच हवी. कापसाचा भाव, सावकाराचे व्याज आणि पावसाची ओढ यांचे रूपांतर 'मानसिक ताणा'त करून मोकळे होणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीचे वाटले आहे. ते आपण होऊ देऊ नये. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याचे मनही त्याला साथ देत नाही, त्या माणसाला पहिल्या ओझ्याचे राजकीय विश्लेषण ऐकवून दुसऱ्या ओझ्याविषयी गप्प राहा म्हणणे, ही माणुसकी नव्हे. राजकारण तर नव्हेच. शिवाय बाजाराची भीती जालन्यात अप्रस्तुत आहे. येथे निदानाचा अतिरेक नाही, निदानच नाही.

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. जालन्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले, त्याचे स्वागत केले पाहिजे. पण ज्या माणसांविषयी आपण बोलत आहोत त्यांना खाट नको आहे. त्यांना तासभर नीट ऐकून घेणारा डॉक्टर, परवडणारे औषध आणि समुपदेशन हवे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून असे उपचार मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. व्यवहार निराळा आहे. यावरचे एक प्रमुख औषध, मिथाइलफेनिडेट, कायद्याने कडक नियंत्रणाखाली आहे. ते विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून सर्वसाधारण दुकानात ते मिळत नाही. नियंत्रण असावेच. पण मंठ्याच्या रोजंदारीवरच्या माणसाने त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला खेपा घालाव्यात आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवावी, हे नियंत्रण नसून नकार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, स्वमग्नता आहे; या अवस्थेला तेथे स्वतंत्र स्थान नाही.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. निदान म्हणजे माफीपत्र नव्हे. बायकोवर हात उगारणाऱ्याने मेंदूकडे बोट दाखवावे, हे आपण क्षणभरही मान्य करणार नाही. तसेच, ही अवस्था म्हणजे प्रतिभेची देणगी, असे जे गोड बोलले जाते तेही पोकळ आहे. ज्याची तीन कामे सुटली त्याला प्रतिभेचे प्रशस्तिपत्र देऊन त्याच्या घरातली चूल पेटत नाही.

आता थोडे आपल्या संघटनेविषयी. चळवळीकडे अशी माणसे ओढली जातात, हे माझे निरीक्षण आहे. मोर्चाच्या दिवशी ती दहा माणसांचे काम करतात, अन्याय पाहून त्यांचे रक्त तत्काळ तापते, अनोळखी माणसासाठी ती रात्रभर इस्पितळात बसतात. मोर्चा संपला की हिशेबाची पावती हरवते, इतिवृत्त लिहायचे राहते, आणि जिल्हा कार्यकारिणीत त्यांच्या निष्ठेविषयी प्रश्न विचारले जातात. मग ती एक दिवस यायची बंद होतात. आपण म्हणतो, टिकला नाही. ज्या परंपरेने साने गुरुजींना मानले, आणि त्यांच्या हळवेपणाची टिंगलही याच समाजात ऐकली, तिने तरी 'टिकला नाही' हा शेरा इतक्या सहजपणे मारू नये. पावत्या एकाने सांभाळाव्यात, सभा दुसऱ्याने गाजवाव्यात, अशी कामाची वाटणी करायला कोणताही ठराव लागत नाही.

जिल्हा शाखेने शल्यचिकित्सकांकडे निवेदन न्यावे. जिल्हा रुग्णालयात प्रौढांसाठी आठवड्यातून एक ठरावीक दिवस असावा आणि तो तालुक्यांत जाहीर व्हावा. नियंत्रित औषधे रुग्णालयाच्याच औषधालयातून मिळावीत. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये आणलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा सेविकांना जी लक्षणे ओळखायला शिकवले गेले, त्यांत या अवस्थेची भर घालावी. तहसीलदारांकडे वेगळी मागणी करावी की, ई-केवायसी किंवा पीक पाहणीची मुदत हुकली एवढ्याच कारणाने नाव वगळण्यापूर्वी तलाठ्याने त्या घरी एकदा जाऊन यावे. तोपर्यंत १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहून ठेवावा. तेथे मराठीत बोलता येते. आणि या निवेदनासाठी बोलावलेल्या बैठकीची तारीख ज्याच्या लक्षात राहणार नाही असा साथी प्रत्येक तालुक्यात एखादा तरी असेलच. त्याला आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करावा, आणि सकाळी निघताना पुन्हा एकदा.