फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे?

दोन वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर अब्बांनी घराचं काम काढलं. आम्ही मुंब्र्याला, कौशात राहतो. चौथा मजला, वन बीएचके, वीस वर्षांची इमारत, लिफ्ट नाही. जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवली, मॉड्युलर किचन केलं, हॉलला फॉल्स सीलिंग आणि त्यात निळे दिवे. साडेतीन लाख गेले, त्यात अम्मीच्या दोन बांगड्याही गेल्या. ईदला आलेला प्रत्येक पाहुणा आधी वर बघायचा आणि 'माशाल्लाह' म्हणायचा.

यंदा अब्बांच्या गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला, म्हणून फ्लॅट विकायचं ठरलं. पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याला किचन आवडलं. मग त्याने विचारलं, करारनामा रजिस्टर केलाय का? ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का? जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? तिन्हींचं उत्तर 'नाही'. आमच्याकडे आहे तो स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद. अशा कागदावर बँक त्याला कर्ज देणार नव्हती. 'रोख द्यायचे तर एवढेच,' म्हणत त्याने शेजारच्या कागदोपत्री चोख इमारतीतल्या दराच्या जवळपास निम्मा आकडा सांगितला. किचनचा त्यात एक रुपयाही नव्हता.

आपण अशी घरं का घेतो, हे मला माहीत आहे. १९९२-९३ नंतर मुंबई सोडून जी कुटुंबं मुंब्र्यात आली त्यात आमचंही होतं. तेव्हा कागद बघायची उसंत कोणाला होती? आजही ठाण्यात घर बघायला गेलं की एजंट आधी नाव विचारतो आणि मग 'मालकाने विचार बदलला' म्हणतो. त्यात व्याज नको म्हणून कर्ज नको, आणि कर्ज नको म्हणून बँकेचा वकील कागद तपासायला येतच नाही. खरं तर ती तपासणी आपल्याला फुकटात मिळणारी राखण असते. कर्ज न घेणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने वकील लावायला हवा. आपण त्याऐवजी बिल्डर आपल्याच मशिदीत नमाजला येतो, एवढ्यावर विश्वास ठेवतो.

इथे मला आपल्याच लोकांबद्दल बोलायचंय. बाहेरच्यांनी दारं बंद केली हे खरं, पण बंद दाराचा फायदा उठवून विनापरवाना मजले चढवणारे बरेचदा आपलेच होते. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ जण गेले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली, १६ गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. दरवेळी आपण जनाजे उचलले, वर्गणी काढली आणि पुन्हा नोटरीवर घरं घेतली.

कायदा काही नवा नाही. एकूण किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी करारनामा नोंदवणं रेराने बिल्डरवर बंधनकारक केलंय. १९६३ च्या मोफा कायद्यात ही मर्यादा वीस टक्के होती. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावे करत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येतं. ही तरतूद २००८ च्या दुरुस्तीने आली. जुन्या कागदावर थकलेलं मुद्रांक शुल्क भरायचं तर दर महिन्याला २ टक्के दंड लागतो, म्हणजे उशीर महागात पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने यासाठी अभय योजना आणली होती. आमच्या इमारतीत ती कोणालाच कळली नाही. त्याच महिन्यात दोन घरांत नवे वॉर्डरोब आले.

गिऱ्हाईक गेल्यावर मी ओल दिसते म्हणून सीलिंगचा एक चौकोन उघडायला लावला. वर स्लॅबचं प्लॅस्टर सुटलेलं, सळया गंजून फुगलेल्या. पाणी पाचव्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपत होतं. सीलिंग नसतं तर पहिल्याच पावसाळ्यात डाग दिसला असता. इंजिनियर म्हणाला, फरशीवर फरशी टाकून तुम्ही खालच्या स्लॅबवर ओझं वाढवलंय ते वेगळंच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आणि ३० नंतर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. आमच्याकडे एकदाही झालं नाही. तेव्हा घरात पैसे घालणार असाल तर आधी गच्ची, पाइप आणि सळया, मग कागद, आणि उरले तर किचन. गच्ची सगळ्यांची असल्यामुळे तिच्यासाठी शेजाऱ्यांशी भांडावं लागेल. टाइल निवडण्यापेक्षा ते नक्कीच कंटाळवाणं आहे.

आता नावाचं. फ्लॅट एकट्या अब्बांच्या नावे आहे. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. अब्बा म्हणायचे, 'शरियतने तुमचा हिस्सा आहेच.' मी त्यांना हिशोब मांडून दाखवला: अम्मीला एक अष्टमांश, आम्हा दोघींना मिळून दोन तृतीयांश, आणि उरलेला हिस्सा चुलत्यांचा, ज्यांनी या घरात एक वीटही लावलेली नाही. अब्बा बराच वेळ गप्प बसले. केरळचे वकील-अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुली आहेत. मालमत्ता मुलींनाच मिळावी म्हणून ८ मार्च २०२३ ला त्यांनी स्वतःच्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं. आम्ही हिब्याचा रस्ता धरलाय. तोंडी हिबाही कायद्याला मान्य आहे, पण सोसायटी आणि बँक तोंडी शब्दावर नाव चढवत नाहीत. महाराष्ट्रात राहतं घर पत्नी किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळे. एका मॉड्युलर ड्रॉवरच्या किमतीत अम्मीचं नाव घरावर लागतं. अट एकच, अब्बांचा स्वतःचा करारनामा आधी रजिस्टर व्हायला हवा.

म्हणून येत्या रविवारी गच्चीवर बैठक ठेवलीय. एकोणीसपैकी अकरा घरं यायला तयार आहेत. बिल्डर फोन उचलत नाही, जमीनमालकाचा मुलगा उचलतो. पाचव्या मजल्यावरच्या काकू बाथरूम फोडू द्यायला राजी नाहीत, कारण त्यांनीही गेल्या ईदलाच टाइल बदलल्यात.