मेहेरबानी नको, मुदत हवी

"जाऊ द्या ना जी साहेब, या खेपेस माफ करा." आपल्या भागातल्या कोणत्याही रस्त्यावर गाड्यांची तपासणी लागली की हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणाऱ्याने हात जोडलेले असतात, डोक्याचा दुपट्टा खांद्यावर आलेला असतो आणि गाडीला बांधलेले पोते एका बाजूला कलंडलेले असते. बाजूने जाणारे आपण कॉलेजकुमार ते पाहून हसतो. "नियम मोडायचा आणि वर गयावया करायची, या लोकांना कधी शिस्त लागणार?" असा शेराही मारतो. या हसण्याविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

दंडात सूट मागणे ही खरोखर इतकी हलकी गोष्ट आहे काय? तसे असेल, तर सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्र सरकारलाच हसावे लागेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात संसदेने २०१९ साली मोठी दुरुस्ती केली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा एकदम वाढल्या. परवाना नसताना गाडी चालविल्यास पूर्वी जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होता, तो ५,००० झाला. हेल्मेट नसल्यास १,००० रुपये ठरले. देशभर ओरड झाली. शेजारच्या गुजरातने त्याच महिन्यात अनेक दंड कमी केले. आपले तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंड तूर्त लागू न करण्याचे ठरवून केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना फेरविचारासाठी पत्र लिहिले. दंड तिजोरी भरण्यासाठी नसून माणसांचे जीव वाचावेत म्हणून आहे, असे गडकरींचे म्हणणे होते. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आपले दर लागू केले. त्यांत हेल्मेटचा दंड ५०० रुपये ठेवला, परवान्याचा मात्र ५,००० च राहिला.

याचा अर्थ काय? सरकारने सरकारकडे सूट मागितली आणि काही अंशी ती मिळालीही. तिला कोणी भीक म्हटले नाही, राज्याचा अधिकार म्हटले. कारण कायद्याच्या कलम २०० मध्येच तडजोडीची रक्कम ठरविण्याची मुभा राज्यांना दिलेली आहे. मंत्र्याने पत्र लिहिले तर तो विचारविनिमय आणि शेतकऱ्याने तोंडाने मागितले तर ती लाचारी, हा न्याय मला पटत नाही.

आता रकमेचे वजन पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या हिशेबाने ५०० रुपये म्हणजे दीड दिवसाहून अधिक राबणे आणि ५,००० रुपये म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. तेंदूपानाचा हंगाम किती दिवसांचा असतो आणि त्यात घरातली किती माणसे पहाटेपासून जंगलात जातात, हे आपल्यापैकी अनेकांना पुस्तक न उघडता ठाऊक आहे. तीच रक्कम मोठ्या शहरातल्या एखाद्या कुटुंबाची एका रात्रीच्या हॉटेलातल्या जेवणात उडून जाते. दंड सर्वांना सारखा, हे ऐकायला समतेचे वाटते. पण सारख्या ओझ्याने सगळ्यांचे खांदे सारखे वाकत नाहीत.

फिनलंड नावाच्या देशाने हे फार पूर्वी ओळखले. तिथे १९२१ पासून काही गुन्ह्यांचा दंड माणसाच्या उत्पन्नावरून ठरतो. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असताना ७५ च्या वेगाने मोटारसायकल चालविल्याबद्दल १,१६,००० युरोंचा दंड झाला. पुढे त्याने न्यायालयात आपले उत्पन्न घटल्याचे दाखविले आणि तो दंड पुष्कळच कमी झाला. म्हणजे एवढ्या श्रीमंत माणसानेही सूट मागितलीच! पण ती त्याने रस्त्यावर हात जोडून मागितली नाही, न्यायालयात कागद दाखवून मागितली. माझा सारा मुद्दा या एका फरकात आहे.

गेल्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत माझे बाबा खत आणायला निघाले होते. वाटेत एका ठिकाणी त्यांना अडविले. डोक्यावर हेल्मेट होते, खिशात परवाना होता. मात्र गाडीचे नोंदणीपत्र आणि विम्याचा कागद घरी टिनाच्या पेटीत राहिला होता. पावसात भिजू नये म्हणून तो तिथेच ठेवतात. "साहेब, कागद आहेत जी, घरी आहेत, उद्या आणून दाखवतो," असे त्यांनी परोपरीने सांगितले. त्याच वेळी मागून एक तरुण आला. त्याच्याजवळही कागद नव्हते, डोक्यावर हेल्मेटही नव्हते. त्याने फक्त मोबाईल काढला, नंबर लावला आणि "भाऊशी बोला" म्हणून पुढे केला. तो गेला. बाबा थांबले. युरियाच्या दोन पिशव्यांसाठी आणलेल्या पैशांतून ५०० रुपये दंड भरून ते परत आले. घरी आल्यावर कोणाला दोष दिला नाही. "गेले ते गेले," एवढेच म्हणाले आणि बांधीकडे निघून गेले.

मी आमच्या घरातला कॉलेजात आलेला पहिला मुलगा. मला राहवले नाही. राज्यशास्त्राच्या सरांकडून कायद्याचे पुस्तक मागून घेतले आणि वाचू लागलो. कलम १३० मध्ये स्पष्ट लिहिले आहे की नोंदणीपत्र, विमा वगैरे कागद जागेवर नसतील, तर ते ठरवून दिलेल्या मुदतीत नेऊन दाखविले तरी कायद्याचे पालन झाले असे समजावे. शिवाय १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे मोबाईलमधील डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील कागद खरे धरावे लागतात, आणि कागद वैध असल्याची खात्री संगणकावरून झाली तर छापील प्रत मागायची नाही. गाडीचा नंबर टाकला की सारे दिसते!

म्हणजे बाबांनी जी गोष्ट दया म्हणून मागितली, ती त्यांना कायद्यानेच दिलेली होती. ती दया म्हणून मागितली गेल्यामुळे दया म्हणून नाकारताही आली. त्यांना ती सोय ठाऊक असती, तर त्यांचे तेच वाक्य वेगळ्या आवाजात निघाले असते: "साहेब, मला मुदत द्या." मेहेरबानी आणि मुदत या दोन शब्दांत माणसाच्या मानेचा फरक आहे. पहिल्याने ती वाकते, दुसऱ्याने ती सरळ राहते.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली "शेतकऱ्याचा असूड" लिहून पुरा केला. अक्षरओळख नसलेला शेतकरी कचेरीच्या पायरीवर कसा नागवला जातो, हे त्यांनी त्यात मांडले. आज आपल्या गावांत शाळा आहेत, सही न येणारे थोडे उरलेत. पण कायद्याच्या बाबतीत आपण अजून अंगठेबहाद्दरच आहोत. पूर्वी वाचता येत नव्हते म्हणून नुकसान होत होते, आता वाचता येऊनही वाचत नाही म्हणून होते.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनाच सूट दिली तर कायद्याचा धाक राहील काय? प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार व मागे बसलेले मिळून ५०,०२९ होते. सिंदेवाहीहून नागभीडकडे किंवा मूलकडे संध्याकाळी गाडीने गेलेल्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. दोन्ही बाजूंना झाडी, अचानक आडवे येणारे रानडुकराचे कळप, समोरून धानाने भरलेले ट्रक. तिथे डोके उघडे ठेवून जाणाऱ्याला सोडून देणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत, त्याच्या लेकराबाळांवर अन्याय आहे.

म्हणून मी दोन प्रकारचे नियम वेगळे करतो. एक जिवाचे आणि दुसरे कागदाचे. दारू पिऊन गाडी चालविणे, भरधाव जाणे, तिघे-चौघे बसणे, हेल्मेट न घालणे, पोरसवदा मुलाच्या हाती गाडी देणे हे जिवाचे नियम मोडणे आहे. यांत सूट मागू नये, कोणी देऊ नये. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे शाळकरी भावाला चावी देणाऱ्या मित्रांनी ध्यानात ठेवावे. विमा मुळात काढलेलाच नसेल, तर तेही मी कागदात धरणार नाही. त्या कागदामागे आपल्या गाडीखाली आलेल्या माणसाचे घर उभे असते. पण कागद आहे आणि जवळ नाही, पत्ता बदलला आणि नोंद राहिली, दुसऱ्याच्या चुकीने आपल्या नंबरावर चलन आले, अशा गोष्टींत पहिल्या वेळेस समज द्यावी, मुदत द्यावी, यात कायद्याचे काय बिघडते?

परवान्याबाबत तर आपल्या भागाची अडचण ऐकून घेतली पाहिजे. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता संगणकावर देता येते हे खरे. पक्क्या परवान्याला मात्र गाडी चालवून दाखवावी लागते आणि आपले परिवहन कार्यालय चंद्रपूरला, सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. जाण्यायेण्याचे भाडे, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि "आज साहेब नाहीत" ऐकून परत येण्याची भीती, एवढे सारे त्या एका कार्डामागे असते. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे वाढवावीत आणि मग खुशाल दंड करावा. दार दूर ठेवून उशिरा आल्याबद्दल शिक्षा करणे शोभत नाही.

सूट मागण्याच्या आज दोन वाटा आहेत, एक ओळखीची आणि दुसरी अर्जाची. ओळखीची वाट जवळची आहे, म्हणून तिथे गर्दी आहे. पण "भाऊ"ने सोडविलेला माणूस त्या दिवसापासून भाऊचा होतो. त्याची सुटका झाली असे त्याला वाटते, खरे तर तो गहाण पडलेला असतो. आणि ज्याला भाऊ नाही, त्याच्या वाट्याला दंड येतो. म्हणजे दंड नियम मोडल्याचा राहत नाही, ओळख नसल्याचा होतो.

अर्जाची वाट लांब आहे, पण ती सगळ्यांची आहे. चुकीचे ई-चलन आले तर महाट्रॅफिकवर तक्रार करता येते. १९८२ साली गुजरातेत उना इथे देशातली पहिली लोकअदालत भरली. पुढे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला पक्के रूप आले. वाहतूक दंडाची प्रकरणेही अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात. त्याच कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, कामगार यांना मोफत वकिली मदत मिळण्याचा हक्क आहे. आपल्या तालुक्यातली निम्म्याहून जास्त घरे यात बसतील. पण हे सांगायला गावात जाणार कोण?

माझ्या मते हे काम आपले आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. आपण शिबिरात रस्ते झाडतो, झाडे लावतो, चांगलेच आहे. त्याबरोबर आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या तर? येणाऱ्याच्या मोबाईलमध्ये डिजिलॉकर उघडून गाडीचे कागद भरून द्यावेत. चलन कशाचे आले ते वाचून सांगावे. अर्ज लिहून द्यावा. अर्जात चारच गोष्टी लागतात: काय घडले ते खरे, पहिली वेळ असल्यास तसे, सोबत कोणता पुरावा जोडला ते, आणि नेमके काय हवे ते. दंड माफ हवा, कमी हवा की भरायला मुदत हवी, हे स्पष्ट लिहावे. खोटे एक अक्षर लिहू नये. ज्याने जिवाचा नियम मोडला असेल, त्याला मात्र अर्जाऐवजी हेल्मेटच्या दुकानाचा पत्ता द्यावा!

प्राध्यापकवर्गाला विनंती की कायद्याची दोन-चार सोपी पुस्तके ग्रंथालयात दर्शनी ठेवावीत. विद्यार्थी मित्रांना विनंती की रस्त्यात कोणी हात जोडून उभा दिसला तर हसून पुढे जाऊ नका. गाडी थांबवा, त्याचा हात खाली घ्या आणि विचारा, "काका, कागद घरी आहेत काय?" असतील तर साहेबांना नम्रपणे, पण स्पष्ट आवाजात मुदत मागा. आपल्या आईबापांनी बांधीत राबून आपल्याला इथवर पाठविले. त्यांच्या वतीने एक वाक्य नीट बोलता येणे, एवढा तरी उपयोग आपल्या शिक्षणाचा झाला पाहिजे.